मुलुंड कॉलनी: डोंगर, दाल-पकवान आणि ‘ओळखीची व्यक्ती’

घरात बसून डोकं तापलं, म्हणून रविवारी बोरिवलीहून मुलुंडला निघाले. नॅशनल पार्कच्या या बाजूला आयुष्य गेलं, पलीकडून डोंगर कसा दिसतो ते बघायचं होतं. बस सकाळीच पकडा, नंतर पवईच्या ट्रॅफिकमध्ये वाट लागते.

कॉलनीत उतरले आणि डोंगर राहिला बाजूला. दाल-पकवानचा वास! साठ रुपये प्लेट, कांदा मागून घ्या. दुकान आहुजाकाकांचं. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी होती, काका तिथलेच. मराठी माझ्याहून झकास.

शेजारच्या टेबलावर काकांच्या वरच्या खोलीचा फॉर्म भरणं चाललेलं. भाडेकरू झरीना, अफगाणी. शिकायला आली, तिकडे सत्ता बदलली, परत जाता येईना. समोर सोसायटीच्या सेक्रेटरी सावंतकाकू. मी बोरिवलीहून आलेय म्हटल्यावर काकांनी मलाही गप्पांत ओढलं.

“गाव कुठलं?”

“हेरात.”

“तिथला पत्ता लिही. गणपतीला जाशीलच ना?”

“अहो, तिला गावाला जाता येत नाही,” काका म्हणाले.

“मग कायमची इथेच?”

“इधर रहने देते हैं, पर हमेशा का कुछ नहीं,” झरीना म्हणाली. “दो देशों में अर्ज़ी है. एक बोलता है दूसरा लेगा, दूसरा बोलता है रुको.”

“म्हणजे लिकेज गं! वरचा म्हणतो माझा पाइप नाही, खालचा म्हणतो सोसायटीचं काम. तोवर ओल कोण सोसतं?”

काकू मला एकदम आवडल्या. पण लगेच म्हणाल्या, “शेवटचा रकाना रिकामा चालणार नाही. ओळखीची व्यक्ती, मुंबईची. आहुजा मालक, ते नाही चालत. उद्या संध्याकाळी कमिटी आहे. सही नाही तर खोली नाही.”

झरीनाला हॉस्टेल परवा सोडायचं होतं.

काकूंनी पेन माझ्या हातात दिलं. “तू बोरिवलीची ना?”

“काकू, मी हिला वीस मिनिटं ओळखते.”

“मी आहुजांना चाळीस वर्षं ओळखते, अजून कळले नाहीत.”

“मी... फिरायला आलेय,” म्हटलं.

“कोई बात नहीं,” झरीना म्हणाली आणि कांद्याची वाटी माझ्याकडे सरकवली. सवय असल्यासारखी.

डोंगर पाहिला. म्हणजे समोर होता. कसा होता विचाराल, तर आठवत नाही.

घरी आई म्हणाली, “सही म्हणजे भानगड.” मग भाजी निवडता निवडता, “हॉस्टेल परवाच सोडायचंय तिला?”

खिशात हात घातला तर काकूंचं पेन. उद्या द्यायला जावं लागेलच. नुसतं पेन द्यायचं की आधी चालवायचं, ते बसमध्ये ठरवेन. पवईला वेळ मिळतो भरपूर.