क्रँकच्या पुलीतलं रबर

समस्त आळीला कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे शेजारी अण्णा यांच्या जीपचं रबर मेलं आहे.

टायरचं नव्हे. इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याला, पुढच्या टोकाला पुली असते आणि तिच्या दोन लोखंडी कड्यांमध्ये रबराचा पट्टा असतो. प्रत्येक ठोक्याला क्रँक पीळ खातो आणि तो पीळ हे रबर गुपचूप जिरवतं. रबर कडक झालं की गाडी उभ्या जागी थरथरते. तशीच दामटली, तर एक दिवस क्रँकच मोडतो.

"मेलंय हो रबर," बॉनेटखालून मिस्त्री म्हणाला. मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, जाऊन महिनाही झाला नव्हता.

त्या घरात बाप-लेक एकमेकांशी थेट कधी बोललेच नाहीत. अण्णा वहिनींना म्हणत, "त्याला सांग, ती झुलपं काप." विनय म्हणे, "त्यांना सांग, डोकं माझं आहे." वहिनी लेकाला सांगत, "बाबा म्हणतायत, उकडत असेल रे तुला." मधलं विष त्या कुठे साठवत होत्या, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात विनय बॅग घेऊन बाहेर आला. घर कायमचं सोडून निघाला होता. आमच्याकडे न बघता त्याने फाटकाची कडी काढली. अण्णांचे ओठ नुसतेच हलले. मग ते गर्रकन वळले आणि स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे बघून ओरडले,

"अगं, त्याला सांग ना, जाऊ नको म्हणावं!"