ईस्टरला बदललेले टायर

सेवेरिन लेकनर धंद्याने खाटीक होता आणि स्वभावानेही. बैल वळेना तर शिंग पिरगाळायचं, माणूस वळेना तर कान, हा त्याचा खाक्या. बव्हेरियातल्या आमच्या डोंगरगावात त्याचा मार न खाल्लेला गडी विरळा. बायको सोसत सोसत लवकर गेली. मागे राहिली एकुलती लेक आफ्रा. तिच्यावर त्याचा जीव होता आणि हातही तिच्यावरच जास्त पडायचा. असल्या प्रेमाला काय जाळायचंय?

दुसरी लाडकी म्हणजे त्याची पिवळी स्पोर्ट्स कार, मागे इंजिन असलेली. हिवाळी टायर ऑक्टोबरात चढवायचे आणि ईस्टरला उतरवायचे, हा आमच्याकडचा बापापासूनचा नियम. त्या वर्षी ईस्टर मार्चमध्येच येऊन टपकला. सावलीत अजून दहिवर गोठत होतं, तरी सेवेरिनने शनिवारी अंगणात जॅक लावलाच.

“बाबा, ईस्टर आलाय, उन्हाळा नाही,” आफ्रा म्हणाली.

“रस्ता कोरडा ठणठणीत आहे. बर्फ दिसतोय का कुठे? डोळे आहेत की बटणं?”

“बर्फाचं कोण बोलतंय? थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. दरीतल्या वळणांवर तर ऊन पोचतच नाही.”

“हो का? आता तू शिकव मला गाडी चालवायला.”

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेलं हॅम आणि रंगवलेली अंडी टेबलावर मांडली होती. घाटापलीकडच्या चीजच्या कारखान्यात काम करणारा कोर्बिनियान जेवायला आला होता. त्याने घास गिळला आणि सांगून टाकलं, “आफ्रा आजच माझ्याबरोबर येतेय. लग्न तिकडेच करू.”

सेवेरिन उठला. पहिल्याच गुद्द्यात कोर्बिनियानच्या नाकाचं हाड मोडलं, रक्त अंड्यांवर उडालं. तो खाली पडला तरी सेवेरिन लाथा घालतच राहिला. आफ्राने दुधाचा जग बापाच्या डोक्यात घातला, तेव्हा कुठे तो मागे सरला. तिने कोर्बिनियानला ओढत त्याच्या खटारा गाडीत कोंबलं आणि स्वतः चालवत निघाली. त्या गाडीचे हिवाळी टायर अजून तसेच होते, निव्वळ आळसामुळे.

सेवेरिनच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. पोरगी घाट उतरली की कायमची गेली, एवढंच त्याला कळत होतं. त्याने पिवळी गाडी बाहेर काढली. उन्हातल्या रस्त्यावर ती फुरफुरत धावली आणि खटाऱ्याच्या मागे पोचली. त्याने हॉर्न दाबून धरला, मग बंपरने खटाऱ्याला धक्का दिला. खटाऱ्याच्या आरशात आफ्राचा चेहरा दिसला आणि त्याला वाटलं, आता थांबते.

पुढचं वळण सावलीत होतं. आफ्रा वळली. सेवेरिनने स्टिअरिंग पिळलं, पण गाडी सरळच निघाली. पुढचे टायर शिळ्या पावासारखे टणक झाले होते, रस्ता धरीनात. घाबरून त्याने ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तसा मागचा जड भाग गर्रकन फिरला. शेपटाने खटाऱ्याला कड्यावर चेचलं, आणि मग दरवाजाच्या बाजूने तो स्वतः खडकावर आदळला. बरगड्या मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

आफ्रा काच फोडून बाहेर आली. कोर्बिनियानचा हात कोपरातून उलटा लोंबत होता. त्याला रस्त्याकडेला बसवून, ॲम्ब्युलन्सला फोन करून ती बापाकडे आली, आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याची मान विचित्र कलली आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

“हलू नका. हलाल तर मराल.”

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आहे मी.”

तोवर तिने हात ढिले केले नाहीत, रागाने रडत होती तरी. माणसं आली, मानेला पट्टा बसला, तसे तिने हात काढून घेतले आणि ती कोर्बिनियानच्या स्ट्रेचरमागे चालत गेली. सेवेरिनला तिच्याकडे बघायचं होतं. मान वळत नव्हती.