बाबांनी गाडी घासली तेव्हा

शाळेतून घरी आले तर बाबा गाडीजवळ उभे. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत राखेने भरलेले आणि चेहरा एकदम खुशीत.

"पाह्य माय," ते म्हणाले, "सारा चिकटा काढला."

चिकटा खरंच निघाला होता. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली की वरून चिकट थेंब पडतात, पाखरं घाण करतात आणि त्यावर खाणीच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ येऊन बसते. पाणी मारून ते निघत नाही. बाबांनी ते पाणी तापवायच्या चुलीतली राख आणि भाताच्या पेंढ्याचा, तणसाचा बोळा घेऊन काढलं होतं. पाणी भरायचे पितळेचे गुंड ते असेच घासतात. बोनेट, छप्पर, चारही दरवाजे, काही म्हणून सोडलं नव्हतं. गाडी काळी. उतरत्या उन्हात त्या काळ्या रंगावर वाटोळे ओरखडेच ओरखडे दिसत होते, एकात एक गुंतलेले.

मी पर्स ओट्यावर टाकली आणि ओरडले, "काय केलं हे बाबा! गाडी आहे ती, भांडं आहे का?"

बाबा गोंधळले. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "घाण तं निंगाली ना," ते हळूच म्हणाले. मी आत गेले आणि दार जरा जोरातच लावलं.

माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडचे. गावच्या तलावात आणि वैनगंगेत मासोळी धरून त्यांनी आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. आई गेल्यावर मी त्यांना अहेरीला माझ्या घरी आणलं. मी जवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला. बाबांना इथे दिवसभर काम नाही आणि कामाशिवाय त्यांना बसता येत नाही. म्हणून ते आमच्या घरातलं काही ना काही घासत, बांधत, शिवत असतात. एरवी मला त्याचं कौतुकच वाटतं.

पण ही गाडी आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. जुनीच घेतली होती, चंद्रपूरहून. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, "मॅडम, एकही पार्ट रंगवलेला नाही, कंपनीचाच रंग." शिवाय सावलीला बहिणीच्या मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलेलं. नवरदेव माझ्या गाडीतून मांडवात येणार हे मीच सगळ्यांना सांगून बसले होते. आता ही गाडी घेऊन मी तिथे कोणत्या तोंडाने जाणार होते?

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की आपल्या आजूबाजूचा प्रत्येक माणूस गाडीच्या रंगातला जाणकार असतो. शाळेतल्या सरांनी टूथपेस्ट लावायला सांगितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "खोबऱ्याचं तेल लावा, दिसत नाई." लावून पाहिलं. ओरखडे खरंच दिसेनासे झाले. अर्ध्या तासात त्या तेलावर अशी धूळ बसली की बोनेट काळं आहे की तांबडं ते कळेना. नवरा तीन रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहत पडला होता. चौथ्या दिवशी त्याने निकाल दिला.

"रबिंग कंपाउंड आण. जाडंवालं. एकदाच घासायचं, विषय संपला."

"आणि जास्त घासलं गेलं तर?"

"तू घाबरूनच राहते नेहमी."

व्हिडिओतला माणूस वातानुकूलित खोलीत, पांढऱ्या दिव्याखाली, मशीन घेऊन काम करत होता. आमच्याकडे एक आंब्याचं झाड होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तत्त्व तेच असते."

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी एसटीने चंद्रपूरला गेले, फक्त पॉलिश आणायला. दुकानात एका फळीवर जाड कंपाउंडचे डबे, दुसरीवर मध्यम, तिसरीवर बारीक पॉलिश, आणि चौथीवर 'एकाच डब्यात सर्व काही' असं छापलेल्या बाटल्या. प्रत्येकावर आरशासारखी चमकणारी लाल गाडी. आत काय आहे, रंग किती घासून काढतं, हे कुठेच धड लिहिलेलं नाही. मी पंधरा मिनिटं डबे उचलून ठेवत होते. दुकानदार चष्मा लावलेले, वयस्क, जरा तुसडे. अहेरीहून आले, गाडीवर ओरखडे पडलेत, असं मी त्यांना सांगितलं.

"ओरखड्यावरून नख फिरवलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काऊन आले एवढ्या दूर? नख अटकलं तं कोणतंच पॉलिश कामाचं नाई, तो ओरखडा खोल गेला. नाई अटकलं तं निंगते."

मग त्यांनी मला समजावलं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, ओरखडे बहुतेक त्यातच असतात. पॉलिश ओरखडा भरत नाही. ते त्या थराला बाजूबाजूने झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणतं. जाड कंपाउंड लवकर झिजवतं, बारीक हळूहळू. झिजलेला थर परत येत नाही. "म्हणून आधी बारीक लावून पाहाचं, तळहाताएवढ्या जाग्यावर. नाईच जमलं तं मध्यम. जाड्याले हात लावूच नका." मी बारीक आणि मध्यम अशा दोन बाटल्या घेतल्या. खरं सांगते, परतीच्या बसमध्ये त्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

घरी आले तर गाडी जागेवर नाही. नवऱ्याने ती चौकातल्या पेंटरकडे नेऊन लावली होती. "अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. तुझा त्रास वाचला," तो म्हणाला.

बाबा ओट्यावर बसले होते. त्या दिवसापासून ते गाडीजवळ फिरकले नव्हते आणि माझ्याशीही मोजकंच बोलत होते. मी नवऱ्याबरोबर निघाले तसे बाबाही उठले. "मी येतो."

पेंटर माणूस चांगला, कामाचाही वाघ, पण घाईचा. मशीन सुरू होतं. बोनेट झालं होतं आणि बोनेट सुंदर दिसत होतं, हे मला मान्य करावंच लागेल. काळं, खोल, पाण्यासारखं. ते पाहून माझ्या पिशवीतल्या दोन्ही बाटल्या मला उगाच वाटायला लागल्या. चंद्रपूरच्या दुकानात जे ऐकलं ते सगळं मी त्या एका चमकीपुढे विसरले.

"दरवाजे करू का मॅडम?" त्याने विचारलं.

बाबा पुढे झाले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावरून तळहात फिरवला, मग मागच्या दारावरून, आणि हात परत पहिल्या दारावर ठेवला. "हे दार येगळं लागून राह्यलं हाताले," ते म्हणाले. "आधी जराशा जाग्यावर करून पाहा ना भाऊ."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, बाबांना म्हटलं, "तुम्ही आता काही बोलू नका. तुमच्यामुळेच झालं हे सगळं."

बाबा मागे सरले. मी पेंटरला म्हटलं, "करा."

दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या दाराच्या मधोमध एक आडवी धार आहे, मशीनची गादी त्या धारेवरून गेली आणि पांढऱ्या गादीवर काळा रंग आला. पेंटरने मशीन बंद केलं, कपड्याने पुसलं. धारेवर बोटभर लांब राखाडी पट्टा उघडा पडला होता. खालचं प्रायमर.

"हे दार रंगवलेलं हाये मॅडम," तो म्हणाला. "याच्यावर वरचा थरच नाई. कोणी सांगतलं नाई मले."

नवरा म्हणाला, मशीनचा वेग जास्त होता. पेंटर म्हणाला, दार खोटं होतं. मी मनातल्या मनात गाडी विकणाऱ्याला शिव्या घालत होते. पण 'करा' मी म्हटलं होतं. ज्यांनी हात फिरवून ओळखलं होतं ते बाबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

रात्रभर मला स्वतःचाच राग येत राहिला. सकाळी चहा घेऊन ओट्यावर गेले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. काल तसं बोलायला नको होतं."

"राख मीच लावली ना माय," ते म्हणाले. "तुलेही राग येणारच." चहा संपवून त्यांनी विचारलं, "त्या शिशा आणल्या त्या कुठी आहेत?"

पुढचे सहा दिवस आम्ही दोघं सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, झाडापासून दूर, घराच्या सावलीच्या बाजूला गाडी लावून काम करत होतो. आधी भरपूर पाणी, मग साबण. सगळ्या धारांवर आणि कडांवर मी कागदी पट्टी चिकटवली. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला तुकडा, त्यावर बोटभर पॉलिश, आणि जेवढा तळहात तेवढीच जागा. बाबांना सुरुवातीला कळेना की एवढं हलकं घासून काही कसं निघेल. ते जोर लावत, मी टोकत असे, ते तोंड फिरवून हसत. बाकीच्या तीन दारांवर बारीक पॉलिशने जमलं. डिक्कीवर नाही जमलं. तीन वेळा करूनही ओरखडे तसेच. तेव्हा मध्यम काढलं, आणि त्याने आलेला धुरकटपणा घालवायला पुन्हा बारीक. त्या रंगवलेल्या दाराला फक्त मेण लावलं. पेंटर एकदा स्वतःहून आला, ब्रशने राखाडी पट्ट्यावर काळा रंग भरून गेला. जवळून पाहिलं तर डाग कळत होता.

तळहात लावून कुठे खरखर उरली ते बाबांना माझ्या डोळ्यांआधी कळायचं. मी म्हणायचे झालं, ते म्हणायचे, "नाई झालं, इथी अजून हाये." आणि असायचंच. चिडचिड व्हायची. साडेदहाला शाळा, हात दुखताहेत, आणि हे म्हणताहेत इथी अजून हाये. छपरावर चार-पाच ओरखडे असे होते की नख अडकायचं. ते मी सोडून दिले. बाबांना ते सोडवेनात. एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना ते एकटेच त्यातल्या एकावर घासत बसलेले सापडले आणि आमचं पुन्हा भांडण झालं.

लग्नाला गाडी गेली. सावलीला पोचेपर्यंत तिच्यावर बोटभर धूळ बसली होती, म्हणून मांडवाच्या बाहेर पुन्हा धुवावी लागली. फुलं बांधायला आलेल्या माणसाने खुशाल चिकटपट्टी काढली आणि बोनेटवर दाबून लावली. मी धावले.

वराकडचे एक काका गाडीभोवती फिरले आणि दारापाशी थांबले. "हा डाग कायचा हो?"

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे आले. नवा सदरा, डोक्याला फेटा. "मी राखेनं घासली होती गाडी," ते मोठ्याने म्हणाले. "मंग पोरीनं अन् मी मिळून सुधरवली. डाग तेवढा राहून गेला."

डागाचा आणि राखेचा काही संबंध नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, पण काका बाबांचा हात धरून, "राखेनं काऊन घासली भाऊ?" असं विचारत त्यांना मांडवाकडे घेऊन चालले होते, आणि बाबा त्यांना अगदी सुरुवातीपासून सांगत होते. मी फुलवाल्याच्या हातातून चिकटपट्टी घेतली आणि दोरी शोधायला गेले.