टेकाडाचा चौकोन

पूर आला तशी कुरुंदवाडची माझी थोरली बहीण आमच्याकडे कोल्हापूरला आली, पण तिच्या तीन म्हशी मळ्यातल्या टेकाडावरच राहिल्या. होडीत माणसंच कशीबशी मावली होती. सकाळपासून तिचं एकच चाललेलं, "टेकाड कोरडं हाय का न्हाय, एवढं सांग की."

माझी मुलगी घरी बसून नकाशांचं काम करते. तिच्या कुरुंदवाडच्या सहकाऱ्यांनी ड्रोन उडवून सगळ्या शिवाराचा फोटो घेतला होता. मी मोठेपणानं फोन लावला आणि पूर्ण फोटो एकदम पाठवा म्हणालो. शेजारी अर्धा डबा धाडायची आमच्या घरात रीत नाही. मला वाटलं, फोटोचंही तसंच असणार. तासभर काही आलं नाही. तिकडची होती नव्हती ती रेंज माझ्या भरल्या डब्यानं अडवून ठेवली होती.

मुलीनं ते पाठवणं बंद करायला लावलं. "बाबा, अख्खं शिवार कशाला? लागेल तेवढाच तुकडा मागवायचा."

फोटोचे चौकोनी तुकडे तिकडच्या मशीनवर आधीच करून ठेवलेले होते. वर आणखी एक गंमत. जिथं नुसतं पाणी, तिथं साठवायला मातकट रंगाचा एकच तुकडा. तो एकदा आमच्याकडे आला की पाण्याच्या प्रत्येक जागी तोच लागायचा, पुन्हा मागवायला नको.

पडद्यावर चौकोन भराभर भरू लागले. मातकट. मातकट. पुन्हा मातकट. बहिणीनं तोंडाला पदर लावला. मग टेकाडाची जागा आली आणि तो चौकोन रिकामाच राहिला.

नेट गेलं असं ठरवून मी राउटरला थापट मारायला उठलो. घरातल्या सगळ्या यंत्रांवर माझा हा एकच उपाय. मुलीनं हात धरला. "थांबा. पाणी असतं तर केव्हाच दिसलं असतं. हा तुकडा जड आहे."

मी अजून विचारच करत होतो, तोवर बहीण पुढं सरकली. "जड म्हंजे त्यात काय तरी हाय. व्हय गं?"

चौकोनात आधी धूसर हिरवं उमटलं. मग बाभळीचं झाड. मग झाडाखाली तीन काळे ठिपके. बहिणीनं एकेकावर बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं.

वैरण पोचवायला होडीवाल्याला सांगावं म्हणून मी फोन उचलला. तो तिनं काढून घेतला.

"तू नगं बोलूस. अख्खी गंजी होडीत घालायला लावशील."