तोरणाखाली उभं राहण्याचा मान

प्राँगहॉर्न हा कुरंग नाही. अमेरिकेच्या माळावर धावणारं हे जनावर दिसतं आपल्या काळविटासारखं, म्हणून लोकांनी त्याला कुरंगात, म्हणजे अँटिलोपांत ढकललं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आदिलाबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर शिंगाचं चित्र काढते. आत हाड, वर खोळ. बैल, शेळी, काळवीट, नीलगाय ही सगळी एका भावकीतली. यांची खोळ जन्मभर टिकते. सांबर-चितळाचं शिंग गळतं ते अख्खं. प्राँगहॉर्न दोन्हींत बसत नाही. त्याचं हाड जागेवर राहतं आणि फाटा फुटलेली खोळ तेवढी दरवर्षी गळून नवी येते. त्याच्या घराण्यात तो एकटाच उरलाय, आणि नातं शोधायला जावं तर ते निघतं जिराफाशी.

"मग मॅडम, त्याले अँटिलोप काऊन म्हंतात?" बोथ गावाकडची एखादी मुलगी हमखास विचारते. पूर्वी मी हसून सांगायचे, की लोकांनी वरवर पाहिलं आणि नाव ठेवलं. गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून मला हे उत्तर देताना संताप येतो.

आमच्या गावात बैल आता मोजकेच राहिलेत. बाबांची जोडी त्यातलीच. गेल्या वर्षी आषाढात त्यातल्या एकाचं शिंग बाभळीच्या बेचक्यात अडकलं. त्यानं हिसका मारला तशी वरची खोळ सबंध निघून आली, आतलं हाड लालभडक. जनावरांच्या डॉक्टरनं पट्टी बांधली. बाबा दिवसभर त्याच्याजवळ बसून माशा हाकायचे, आई त्यांचं ताट गोठ्यातच नेऊन द्यायची. पोळ्यापर्यंत जखम भरली, हाडावर खडबडीत कवच धरलं. जनावर पुन्हा बंडीला जुंपण्याजोगं झालं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गावी पोचले, तेव्हा बाबा बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळत होते. मळून झाल्यावर त्यांनी दोघांच्या कानाशी तोंड नेलं आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्यांनी धड शिंगांइतक्याच निगुतीनं ते थोटूकही रंगवलं, त्याला बेगड लावली.

गावातल्या जोड्या रांगेनं उभ्या करतात त्या तोरणाजवळ पटेलांनी हात आडवा घातला. आमच्या गावात पोळा त्यांच्या शब्दानं भरतो नि त्यांच्याच शब्दानं फुटतो.

"याले मागं घ्या. एकशिंग्या बैल तोरनाखाली चालत नाय."

"पटेल, शिंग हाय त्याचं," बाबा म्हणाले. "वरची खोळ गेली फक्त."

"म्हंजे गेलंच ना शिंग!"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "काका, आतलं हाड जसंच्या तसं आहे. हात लावून बघा ना."

"ते तू कालेजात शिकव, पोरी. हितं रीत चालते."

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि पटेलांचा ट्रॅक्टर आला. फुगे लावलेला, बॉनेटवर झूल टाकलेली, पुढे बाशिंग बांधलेलं. तो रांगेत सगळ्यांच्या पुढे तोरणाखाली जाऊन उभा राहिला. कोणाला काही वाटलं नाही.

"याला किती शिंगं आहेत, काका?" मी विचारलं.

चार जण हसले. पटेल हसले नाहीत. "त्याची गोष्ट वायली. तोच आमचा बैल हाय आता."

वा रे रीत! डिझेल पिणारं लोखंड बैल, आणि चिखलात नांगर ओढून ज्याचे खांदे सोलवटले तो बैल नाही! माणसांनी एकदा वरवर बघून ठरवलं की आत काय आहे ते बघायची त्यांना गरजच वाटत नाही. मला तिथंच भांडायचं होतं. आणखी दोन शब्द बोललेही असते, पण बाबांनी माझा दंड धरला आणि कासरा ओढून जोडी माघारी वळवली. सगळ्या गावासमोर बैल तोरणाकडे मान वळवून बघत राहिला. घरी आईनं दोघांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. बाबांनी त्या दिवशी पुरण तोंडात घातलं नाही.

यंदाही मी आदल्या दिवशी गेले. बाबांनी खांदे मळले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हात पुसले आणि उठले.

"बाबा, आवतण राहिलं," मी म्हटलं.

ते बैलाकडे न बघता म्हणाले, "कोन्या तोंडानं देऊ? मागल्या साली बलावून तोरनाच्या दारातून वापस आनला त्याले."