आर्यनच्या कपाटातला खाऊ

भिशीच्या बायांसमोर बाईंनी माझ्या पोरीला वजनकाट्यावर उभं केलं. आधी त्यांचा आर्यन उभा राहिला होता. किती उतरला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाई म्हणाल्या, "प्रज्ञा, ये गं, तुझंही बघू." काटा आर्यनच्या पुढे गेला. ती त्याच्याहून लहान.

एक बाई म्हणाली, "म्हणायचं गरीब, आणि पोरगी बघा."

सगळ्या हसल्या. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तिची आई, चहाचा ट्रे धरून काय बोलले? "ऐकतच नाही हो. सारखं तोंड चालू असतं तिचं."

पोरीला मीच उघडं पाडलं. कामासाठी.

मेहरूण भागातल्या त्या बंगल्यात मी स्वयंपाक करते. डॉक्टरांनी आर्यनचं वजन कमी करायला सांगितलं तेव्हापासून तिथं रोज कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. मीच थापते. माझ्या आईने जन्मभर तीच खाल्ली, तेव्हा कोणी तिला पौष्टिक म्हणालं नाही. आणि आर्यनच्या कपाटातले चिप्स, क्रीमची बिस्किटं, थंड्याच्या बाटल्या? पाहुणे आणतच राहतात. बाई पिशवी भरून माझ्या हातात देतात. "घरात राहिलं तर आर्यन खाईल. तुझ्या पोरीला ने."

मी न्यायचे. खुशाल न्यायचे. लोकांच्या भाकऱ्या थापून घरी आलं की परात पुढे ओढायचं जिवावर यायचं. पाकीट फोडलं की पोरगी गप्प. वर गल्लीत मिरवायचे, बंगल्यातला खाऊ आहे म्हणून. काय अक्कल माझी.

त्या दिवशी घरी आल्यावर प्रज्ञा जेवली नाही. पिशवीकडे बघत म्हणाली, "माय, हाऊ खाऊ बठ्ठा त्यासना घरनाच शे ना? मंग त्या हासन्यात कसाले?"

खरंच, खाऊ सगळा त्यांच्याच घरचा, मग त्या हसल्या कशाला? तिच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवी पुढे केली. मी ती ओट्यावर परत ठेवली. म्हटलं, "तुमच्या पोराला जे चालत नाही, ते माझ्या पोरीलाही चालत नाही."

"फारच शिंगं फुटली गं तुला," बाई म्हणाल्या.

फुटू देत.

पण तेवढ्याने भागत नाही. हे बोलले ते ओट्यापाशी, दोघींतच. पोरीला बोल लावला तो भरल्या हॉलमध्ये. पुढची भिशी समोरच्या बंगल्यात आहे, भाकऱ्या करायला मलाच बोलावलंय. प्रज्ञाला घेऊन जाणार. पहिली भाकरी तिच्या ताटात वाढणार, त्या सगळ्यांच्या देखत. आणि सांगणार, त्या दिवशी मी खोटं बोलले. हिचं तोंड चालू नव्हतं. तुमच्या पोरांपासून लांब ठेवलेलं मी हिच्या पोटात घालत होते. यापुढे घालणार नाही.

मग काम राहो नाहीतर जावो.