विहीणबाईंचा निरोप

सून बंगाली, म्हणून साठाव्या वर्षी मी तिच्याकडून बंगाली शिकायला बसले. "आई, आमच्याकडे पाणीसुद्धा खातात," असं मौशुमीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी पोट धरून हसले. पुढे तिची आई कोलकात्याहून आठ दिवस राहायला आली. मी धीर करून विचारलं, "जॉल खाबेन?" त्यांनी कौतुकानं अख्खा तांब्या संपवला. बाकी सगळं हातवाऱ्यांवरच चाललं.

निघताना उंबऱ्यात माझा हात धरून त्या म्हणाल्या, "आशी." मी मौशुमीकडे पाहिलं.

"'येते' म्हणतेय," ती म्हणाली.

म्हणजे 'जाते' म्हटलं तर माणूस खरंच जाईल, ही धाकधूक त्यांच्याकडेही होतीच. "या हं," मी मराठीतच म्हटलं, आणि त्यांना ते कळलं.